आवृत्ती आणि अधिकार

'आवृत्ती' हा शब्द आम्हां मराठीच्या अध्यापकांना परका नाही. सुधारित आवृत्ती, संहितेतील पाठभेद, यांवरच आमची उपजीविका. म्हणूनच की काय, लेखापरीक्षणाच्या तोंडावर महाविद्यालयातील 'एसक्यूएल सर्व्हर २०१९'च्या प्रती आणि त्यांची बिले जुळवण्याचे काम आम्हां दोघांकडे आले.

एका ओळीची आज्ञा दिली की यंत्र आपली आवृत्ती निमूटपणे सांगते: एक्सप्रेस, डेव्हलपर, स्टँडर्ड किंवा एंटरप्राइझ. ती इथे कोणत्या हक्काने नांदते आहे, हे मात्र सांगत नाही. ते कपाटातील फाईलला विचारावे लागते. एक्सप्रेस मोफत. डेव्हलपरही २०१६ पासून मोफत, आणि गुणांनी एंटरप्राइझच्या तोडीची. परंतु ती शिकण्यासाठी, रचनेसाठी व चाचणीसाठी, रोजच्या व्यवहारासाठी नव्हे. ही अट यंत्र पाळायला लावीत नाही. ती माणसाने पाळायची असते.

आमच्या फाईलमध्ये बिल एकाच स्टँडर्डचे होते. ती सापडली विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत, जिथे डेव्हलपर पुरली असती. आणि ग्रंथालयाची देवघेव चालली होती डेव्हलपरवर. अदलाबदल करून भागणार नव्हते. बिलात वापरकर्त्यांचे परवाने पाच, ग्रंथालयात वापरणारे आठ.

"अहो, चालतंय ना सगळं? मग उकरता कशाला?" प्राचार्य म्हणाले.

खरे होते, चालत होते. पण त्याच आठवड्यात एका विद्यार्थिनीचा प्रकल्प आम्ही परत केला होता. दुसऱ्याची पाने तिने ऋणनिर्देशाविना उतरवली होती. तिचाही प्रकल्प वाचायला उत्तमच होता.

हस्तलिखिताच्या अखेरीस लेखनिक पुष्कळदा आपले नाव आणि शक नोंदवून ठेवतो. संगणकावरील प्रतीला अशी पुष्पिका आपणच जोडावी लागते. आम्ही तक्ता केला: यंत्र, आवृत्ती, उपयोग, बिल क्रमांक, वापरणारे. शेवटच्या रकान्यात 'तीन कमी' असे लिहिले आणि खाली सह्या केल्या. मागणीपत्रावर प्राचार्यांचा शेरा आला: 'मार्चनंतर पाहू.'

आता स्टँडर्ड ग्रंथालयात आहे. पाच जण संगणकावर नोंदी करतात, तिघे पूर्वीसारखे वहीत. रांग लांबते, मुले कुरकुरतात. कुणी कारण विचारले, तर आम्ही जे आहे ते सांगतो.