परतीची तारीख

आमच्या घरातले माणूस रात्री घराबाहेर राहते ते तीनच कारणांनी : लग्न, मयत नाहीतर दवाखाना. चौथे कारण घरात आणले ते मी. प्रथम वर्षाला असताना राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या हिवाळी शिबिराला गेलो. पण मला मिसरूड फुटलेले. माझ्या जाण्याचे कोणाला विशेष काही वाटले नाही. गेल्या मे महिन्यात धाकट्या भावाच्या शाळेतून चिठ्ठी आली, तेव्हा मात्र घरात चूल पेटायची तेवढी राहिली होती.

धाकटा पाचवीत शिकतो. नुकतीच दहा वर्षे पूर्ण झाली म्हणून त्याला स्काउट पथकात घेतले होते. सातपुड्यात, पालजवळ, पाच दिवसांचे शिबिर होते. चिठ्ठीवर 'सोबत आणावयाचे साहित्य' म्हणून चौदा वस्तूंची यादी होती. ताट, वाटी, पेला, सतरंजी, चादर, टॉवेल, टॉर्च, दोर, दात घासण्याचा ब्रश वगैरे. मी मोजून पाहिले, त्यांतल्या पाच वस्तू आमच्या घरात होत्या.

ती यादी वाचताना मला माझे शिबिर आठवले. मी ताट नेले नव्हते. यादीत लिहिलेले होते, पण मला वाटले, जेवायला घालणारे ताट देतीलच. पहिल्या दिवशी सगळे रांगेत ताटे घेऊन उभे राहिले आणि मी 'भूक नाही' म्हणून विहिरीकडे गेलो. रात्री एका मित्राचे जेवण होईपर्यंत थांबलो आणि त्याचेच ताट धुऊन घेतले. ही गोष्ट मी आजवर घरी सांगितलेली नाही. ज्याच्या घरातून आधी कोणी गेलेले नसते, त्याला यादी वाचता येते, पण तिचा अर्थ तिथे गेल्यावर कळतो. धाकट्याच्या वेळी असे होऊ द्यायचे नाही, एवढे मी ठरवले.

पण यादीच्या आधी अण्णा होते. अण्णा केळीच्या बागांत कापणीला जातात, घड वाहून ट्रक भरतात. त्या संध्याकाळी अंगावरच्या सदऱ्याला केळीचे काळे डाग तसेच घेऊन ते ओट्यावर बसले होते. मी चिठ्ठी वाचून दाखवली. ते एवढेच म्हणाले, "नाही जानार तो. लहान पोराले परक्याच्या दारात पाठवत नसतात."

मला राग आला. मी त्यांना शिकवायला निघालो! स्काउटचे पहिले शिबिर 1907 साली इंग्लंडजवळच्या ब्राउनसी बेटावर भरले होते, बेडन-पॉवेल यांनी वीसेक मुले नेली होती, त्यांत बड्या शाळांतली होती तशी कामकऱ्यांच्या घरांतलीही होती, असे सगळे मी सांगितले. अण्णा ऐकत होते की नव्हते, कोण जाणे. ते उठून गेल्यावर माय हळूच म्हणाली, "त्याहिले काही म्हनू नको. दहाव्या वर्षी त्याहिले ढोरं राखाले ठेवलं होतं."

हे मला एकोणीस वर्षांत ठाऊक नव्हते. आजोबांनी अण्णांना आखाजीच्या दिवशी तापीपलीकडच्या एका गावात, सालाच्या ज्वारीवर ठेवले. "येतो" म्हणून ते निघाले आणि परत आले ते एकदम पोळ्याला. मधले चार महिने अण्णा गोठ्यात झोपत. परत कधी न्यायचे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. बहुधा कोणाला ठाऊकही नसावे.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांना काही शिकवले नाही. फक्त चिठ्ठीची शेवटची ओळ वाचली : 'परतीची बस 15 मे, सायंकाळी 5.' अण्णा म्हणाले, "अजून एकदा वाच." मी वाचले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "म्हंजे त्याले परत आनतीन, असं लिहेल आहे?" मी म्हटले, "लिहिले आहे, खाली मुख्याध्यापकांची सहीसुद्धा आहे." त्यांनी चिठ्ठी हातात घेतली आणि सहीवर नुसता अंगठा फिरवला.

मग तयारी सुरू झाली. धाकटा कधीच मायच्या कुशीबाहेर झोपलेला नव्हता. पहिल्या रात्री त्याचे अंथरूण माझ्याजवळ ओट्यावर टाकले, तर दोनच्या सुमारास उशी घेऊन तो घरात. चौथ्या रात्री सकाळपर्यंत टिकला. मग दोन रात्री सावद्याला मावशीकडे ठेवला. अंथरुणाची घडी घालणे, आपले कपडे आपण धुणे, ताट घासणे, पोळी नावडती असली तरी गप्प खाणे, हे सगळे त्याला शिकवले. दोराच्या गाठी मात्र त्यानेच मला शिकवल्या.

एक अडचण राहिली होती. ती लिहू की नको, असा विचार केला, पण तीच खरी अडचण होती. धाकट्याचे अंथरूण अधूनमधून ओले होते. एका रात्री त्याने अंधारात मला विचारले, "दादा, तिथे झालं तर?" यादीतल्या चौदा वस्तूंत याला उत्तर नव्हते. मी सकाळी त्याच्या सरांकडे गेलो आणि मान खाली घालून सांगितले. सर हसले नाहीत. म्हणाले, "दर शिबिरात दोन-तीन असतात. मी रात्री त्यांना हळूच उठवतो. कोणाला कळत नाही." आपल्याच जिल्ह्यात, अमळनेरच्या छात्रालयात, साने गुरुजी मुलांच्या खोल्या झाडीत आणि त्यांचे कपडे धुऊन ठेवीत, हे आपण सारे ऐकत आलो आहोत. त्या सकाळी मला ते पहिल्यांदा समजले.

बाजाराच्या दिवशी अण्णा पिशवी घेऊन आले. पिशवीत स्टीलचे नवे ताट होते. आमच्या घरातल्या भांड्यांवर नावे आहेत ती मायच्या आहेरात भांडी देणाऱ्यांची. या ताटावर दुकानदाराकडून धाकट्याचे नाव कोरून आणले होते. अण्णांना ते वाचता येत नाही. "बरोबर लिहेल आहे का?" त्यांनी मला विचारले. माझ्या ताटाची गोष्ट त्यांना कुठून कळली, की कळलीच नव्हती, हे मी अजून विचारलेले नाही.

निघायच्या दिवशी पहाटे अण्णांनी त्याला जवळ घेतले आणि आपल्या चार महिन्यांतले जे काही उपयोगाचे होते तेवढे दिले : "पहिल्या राती रडू आलं तं रडजो. पन सकायची भाकर टाकू नको. पोट भरेल असलं, की घर एवढं दूर वाटत नाही."

शिबिरात मोबाईल नेऊ देत नव्हते. ते पाच दिवस अण्णा रोज कामाला गेले आणि रोज संध्याकाळी "आज किती तारीख?" एवढेच विचारीत राहिले.

15 तारखेला उन्हाने डांबर वितळत होते. चारच्या सुमारास मी स्टँडवर पोहोचलो, तर अण्णा लिंबाखाली बसलेले. तीनपासूनच आले होते. मी म्हटले, "अण्णा, बस पाचला आहे."

रस्त्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "माहीत आहे. पन तो उतरीन तेव्हा आपन दिसलो पायजे."

(द्वितीय वर्ष, कला)