प्रौढ दोन, मुले शून्य

परदेशातल्या थीम पार्कची सहल आखायला बसलं की पहिली गाठ पडते ती एका चौकटीशी. प्रौढ किती, मुले किती? विमानाचं तिकीट असो, हॉटेलची खोली असो की पार्कचा प्रवेश, ही चौकट चुकत नाही. ‘प्रौढ २, मुले ०’ असं घरबसल्या भरलं तर कुणी काही विचारत नाही. हेच टूरवाल्याच्या टेबलासमोर बसून सांगितलं तर समोरच्याचं पेन थांबतं. डिस्नेलँड? आणि दोघंच?

त्या शून्यामागे काहीही असू शकतं. मुलं न होऊ दिलेलं जोडपं, मुलं न झालेलं जोडपं, मुलगा बंगळुरूला नोकरीला लागल्यावर घरात उरलेले दोघं, सत्तरीची आई आणि पन्नाशीला टेकलेली लेक, शाळेपासूनच्या मैत्रिणी. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं, तेव्हा शाळेच्या सहलीबरोबर लाँचमधून तिकडे गेलेली मुलं आता चाळिशी-पन्नाशीत आहेत. सहलीच्या दिवशी अर्धा वेळ बाईंनी मुलं मोजण्यात जातो आणि उरलेल्या वेळात दोन-तीन राईड पदरात पडतात. राहून गेलेल्या राईडची बाकी वयाबरोबर फिटतेच असं नाही.

खर्चाच्या हिशेबात मात्र हे शून्य फार मोलाचं आहे. मराठी कुटुंबं परदेशी जातात ती मे महिन्यात, दिवाळीत नाहीतर नाताळात, कारण शाळा तेव्हाच सुटलेली असते. विमान कंपन्यांना हे वेळापत्रक पालकांइतकंच पाठ असतं. शून्यवाल्यांना शाळा नाही. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला एखादा मंगळवार त्यांना चालतो, आणि तोच दिवस सर्वांत स्वस्त असण्याची शक्यता असते.

पार्क कुठलं निवडायचं, हा प्रश्न पैशांच्या बाजूने पाहिला तर लवकर सुटतो. फ्लोरिडातली डिस्नेची चार पार्कं म्हणजे मुलाखतीचा व्हिसा आणि जवळजवळ एक दिवस विमानात. तोक्योची दोन्ही पार्कं देखणी, पण तिथेही व्हिसा लागतो आणि दोन्ही पाहायची तर मुक्काम वाढतो. हाँगकाँगचं डिस्नेलँड १२ सप्टेंबर २००५ रोजी उघडलं, तेव्हा त्याच्यावर पहिली टीका झाली ती ‘फारच लहान’ अशी. मागाहून त्यात भर पडत गेली. २०२० साली किल्ला उंचावला, २०२३ मध्ये ‘फ्रोझन’चं गाव उभं राहिलं. तरीही ते एका दिवसात पाहून होतं, आणि ज्याला एकाच दिवसाचं तिकीट परवडतं त्याला लहान पार्कासारखं सुख नाही.

भारतीय पासपोर्टवर हाँगकाँगमध्ये १४ दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय राहता येतं. मात्र २०१७ पासून त्याआधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ती फुकट असते, सहसा तिथल्या तिथे उत्तर येतं, आणि आलेली चिठ्ठी पांढऱ्या ए-फोर कागदावर छापून जवळ ठेवायची असते. नोंदणी सहा महिने चालते. दोघांची दोन वेगळी. विमानतळावर पासपोर्टवर शिक्का बसत नाही, एक इवलीशी चिठ्ठी हातात पडते. शिक्के जमवणाऱ्यांचा इथे विरस होतो.

हाँगकाँग डॉलर १९८३ पासून अमेरिकी डॉलरला बांधलेला आहे, एकास सुमारे ७.८० या भावाने. म्हणून रुपयाचा हिशेब करताना अमेरिकी डॉलरवर नजर ठेवली की पुरे. मोजायला सोपं म्हणून एका हाँगकाँग डॉलरचे अकरा-बारा रुपये धरावेत. टूरवाल्याकडून सबंध पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस हा आगाऊ कर घेतला जातो. तो विवरणपत्र भरल्यावर वळता होतो खरा, पण पैसा तोवर अडकून राहतो. विमान, खोली आणि तिकिटं वेगवेगळी काढली तर हे टळतं. साध्या क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचे साडेतीन टक्क्यांपर्यंत जादा लागतात, ते फारसे कुणी मोजत नाही. विमानतळावरून शहरात यायला एअरपोर्ट एक्स्प्रेस झकास आहे. ए-ट्वेंटीवन क्रमांकाची बस निम्म्याहून कमी पैशांत चिम शा चुईला आणून सोडते आणि वाटेतले पूल वरच्या मजल्यावरून दाखवते. बसच बरी.

राहायचं कुठे? पार्कला लागून तीन हॉटेलं आहेत आणि तिन्ही या हिशेबात बसत नाहीत. खिसा बेताचा असलेल्यांची पावलं पुष्कळदा नेथन रोडच्या ३६ ते ४४ क्रमांकांकडे वळतात, म्हणजे चुंगकिंग मॅन्शन्सकडे. १९६१ साली बांधलेली ही सतरा मजली इमारत. आत ए पासून ई पर्यंत पाच ब्लॉक. खालचे मजले म्हणजे बाजार: मोबाईल, सिमकार्डं, बॅगा, समोसे, भाव बदलून देणारे. वर गेस्ट हाऊस, गेस्ट हाऊसच्या शेजारी खानावळ, खानावळीच्या वर पुन्हा गेस्ट हाऊस. गॉर्डन मॅथ्यूज या मानववंशशास्त्रज्ञाने इथे काही वर्षं अभ्यास केला आणि २०११ साली या एका इमारतीवर सबंध पुस्तक लिहिलं. गेस्ट हाऊसच्या नोंदवह्यांतून त्याला सव्वाशेहून अधिक देशांचे पाहुणे सापडले. आफ्रिकेतून येणारे व्यापारी इथून मोबाईल फोन घेऊन जातात, आणि दुकान चालवणारा बहुधा पंजाबचा असतो, फाळणीच्या रेषेच्या अलीकडचा नाहीतर पलीकडचा. हिंदी इथे बिनदिक्कत चालते. दारातच ‘रूम, सर?’ म्हणत माणसं अंगाशी येतात. आधी आरक्षण केलेलं असेल तर त्यांच्याकडे न पाहता आत शिरावं. नोटा बदलायच्या असतील तर दर्शनी गाळ्यांवर न थांबता थोडं आत जावं, भाव सुधारत जातो.

खोली म्हणजे पलंग आणि पलंगाभोवती वळायला लागेल तेवढी जागा. बॅग उघडायची तर पलंगावर. न्हाणीघरात शॉवर आणि कमोड इतके जवळ की एकाचं पाणी दुसऱ्यावर पडणारच. दोन प्रौढ माणसांनी अशा खोलीत चार रात्री काढल्या की एकमेकांविषयी नवं काही कळायचं राहत नाही. मुंबईत चाळीत वाढलेल्यांना हे सोपं जातं, बंगल्यात वाढलेल्यांना जड. खिडकी असलेल्या खोलीला थोडे जास्त पडतात. ते द्यावेत, अगदी खिडकीतून नुसती समोरची भिंत आणि गळणारे एसी दिसत असले तरी.

या इमारतीची खरी कहाणी तिच्या लिफ्टची. प्रत्येक ब्लॉकला दोन छोट्या लिफ्ट. एक सम मजल्यांना थांबते, दुसरी विषम. सकाळी आणि रात्री दोन्हींसमोर रांग लागते, आणि त्या रांगेत नायजेरियाचा व्यापारी, नेपाळी वेटर, पाठीवर घर घेतलेली युरोपियन मुलगी आणि डोंबिवलीचं जोडपं एकामागे एक उभे असतात. जास्त माणसं शिरली की घंटा वाजते. मग शेवटी शिरलेल्याने उतरायचं, हा अलिखित नियम. शेवटी शिरलेला दोघांपैकी एक असतो. तो उतरतो, दुसरा वर जातो, आणि पुढच्या फेरीपर्यंत एक जण किल्ली नसताना दारापाशी आणि एक जण किल्ली घेऊन खाली, असा प्रकार होतो. म्हणून दोन किल्ल्या मागून घ्याव्यात आणि खोली खालच्या मजल्यावर. जिना जुना आहे, पण त्याला रांग नाही. वोंग कार-वाईने १९९४ साली ‘चुंगकिंग एक्स्प्रेस’ काढला तेव्हा ही इमारत बदनाम होती. आता जागोजाग कॅमेरे आहेत, आणि रात्री दहाला वरच्या खानावळीत गरम डाळ-रोटी मिळते. दिवसभर नूडल्समध्ये काय काय असेल या शंकेने अर्धपोटी राहिलेल्या शाकाहारी माणसाला ती डाळ कुठल्याही रोषणाईपेक्षा जास्त उजेड देते.

इथून पार्कला जायला तीन गाड्या लागतात. चिम शा चुईहून लाइ किंग, तिथून सनी बे, आणि सनी बेहून डिस्नेलँडची स्वतःची गाडी, जिच्या खिडक्यासुद्धा मिकीच्या डोक्याच्या आकाराच्या. सनी बेचं मूळ नाव याम ओ. त्यातला ‘याम’ म्हणजे सावली, अंधार, यिन-यांगमधलं यिन. करमणुकीच्या वाटेवर असं नाव कसं चालेल, म्हणून ते बदलून आनंदाचं केलं. पार्कच्या जागीही आधी समुद्र आणि जहाजं बांधायचा कारखाना होता. जमीन भराव घालून तयार झाली. मग फेंगशुईचे जाणकार आले. प्रवेशद्वार बारा अंशांनी फिरवलं गेलं. स्टेशनपासून दारापर्यंतच्या वाटेला एक वळण दिलं, कारण वाट सरळ असती तर ‘ची’ म्हणजे प्राणशक्ती थेट समुद्रात वाहून गेली असती. हॉटेलला चौथा मजलाच नाही, आणि तिथल्या मोठ्या दालनाचं क्षेत्रफळ ८८८ चौरस मीटर. आग्नेयेला स्वयंपाकघर हवं म्हणून भिंत पाडणाऱ्या महाराष्ट्राने यावर हसण्यात अर्थ नाही. सकाळी घाईने निघालेले बहुतेक लोक त्या वळणावरून वळल्याचं लक्षातही न येता वळतात.

तिकिटाचा दर तारखेनुसार बदलतो. गर्दीच्या आणि रिकाम्या दिवसांत माणशी दोनशेहून अधिक हाँगकाँग डॉलरचा फरक पडू शकतो. १ ऑक्टोबरचा आठवडा आणि चिनी नववर्ष कटाक्षाने टाळावं, आणि पार्क बंद असण्याचे दिवस त्याच्या दिनदर्शिकेत आधी पाहावेत. उन्हाळ्यात वादळाचा आठ नंबरचा इशारा लागला की सारं शहरच थांबतं. सत्तरीच्या आईला एक गंमत मिळते: ज्येष्ठांचं तिकीट प्रौढांच्या तिकिटाच्या काही अंशातच येतं.

आत गेल्यावर शून्य पुन्हा उपयोगी पडतं. उंची मोजायची नाही, दुपारची झोप नाही, पात्रांच्या सहीसाठी थांबणं नाही. ज्या राईडवर एकट्या माणसांची वेगळी रांग असते तिथे दोघांनी पाचेक मिनिटं एकमेकांना विसरावं आणि बाहेर भेटावं. जंगलातल्या नौकेच्या सफरीला कँटोनीज, मँडरिन आणि इंग्रजी अशा तीन रांगा असतात. इंग्रजीची बहुधा आखूड. मराठी शाळेत शिकलेलं इंग्रजी इतकं थेट फळाला येण्याचे प्रसंग कमीच. २०१२ साली आलेली ‘बिग ग्रिझली’ची खाणगाडी मध्येच उलटी धावू लागते. तेव्हा ओरडण्यात प्रौढ मागे नसतात.

आणि ‘मिस्टिक मॅनर’. २०१३ साली उघडलेलं हे घर जगातल्या दुसऱ्या कुठल्याही डिस्नेलँडमध्ये नाही. इतर ठिकाणी जिथे भुतांचा वाडा आहे तिथे इथे भूत नाही. चिनी मनाला गेलेल्या माणसांची थट्टा रुचत नाही, असं कारण सांगतात. त्याऐवजी लॉर्ड हेन्री मिस्टिक नावाचा एक संग्राहक आहे आणि त्याचं आल्बर्ट नावाचं माकड. माकड नको ती संगीतपेटी उघडतं आणि देशोदेशीच्या वस्तू जिवंत होतात. गाडीला रूळ नाहीत. ती खोलीत शिरून मान वळवून पाहणाऱ्या माणसासारखी फिरते. लहान मुलं आल्बर्टकडे पाहतात. पेटीतून निघून दालनादालनांतून वाहत जाणाऱ्या सोनेरी कणांकडे पाहत राहतात ती मोठी माणसं, आणि बाहेर आल्यावर पुन्हा रांगेच्या शेवटाकडे चालू लागतात. डॅनी एल्फमनचं संगीत दुसऱ्या खेपेला जास्त ऐकू येतं.

दुसरा दिवस पार्कविना काढावा. स्टार फेरीने काही डॉलरांत खाडी ओलांडता येते, आणि १९०४ साली सुरू झालेली आणि आता दुमजली असलेली ट्राम बेटाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे खडखडत नेते. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर तिकीट दहापट असतं तरी वसूल झालं असतं. बस, मेट्रो, फेरी, ट्राम या सगळ्यांना ऑक्टोपस नावाचं एकच कार्ड पुरतं. निघताना ते परत करून शिल्लक आणि अनामत मागता येते, पण नवं कार्ड लवकर परत केलं तर थोडी कपात होते. म्हणून अनेक जण ते परत करत नाहीत. विमानतळाच्या काउंटरसमोरून दोघं नुसतेच पुढे जातात, आणि ती दोन कार्डं इमिग्रेशनच्या त्या इवल्या चिठ्ठ्यांसोबत कपाटाच्या खणात, पासपोर्टांच्या खाली जाऊन पडतात.