सिकंदराबादचा आषाढ आणि साखरेवरचा आळ

सोलापूरहून रात्रीची गाडी धरली की अक्कलकोट रोड, कलबुर्गी (आपल्या तोंडी अजून गुलबर्गाच), वाडी ही स्टेशनं झोपेतच मागे पडतात. वाडीपर्यंत डब्यात मराठी आणि कन्नड. तांडूरला तेलुगू चढतं, विकाराबादच्या पुढे कोणीतरी दखनीत चहा मागतं. सिकंदराबादला उतरेपर्यंत चार भाषा कानांवरून गेलेल्या असतात.

या गावाला जुनी माणसं अजून 'लष्कर' म्हणतात. हुसेनसागरच्या पलीकडे इंग्रजी फौजेची छावणी पडली आणि १८०६ साली तिसऱ्या निजामाच्या, सिकंदर जाहच्या नावावरून तिचं सिकंदराबाद झालं. चारमिनारकडचा नबाबी थाट इथे नाही. परेड ग्राउंड, चर्च, घड्याळाचा मनोरा आणि मोंडा मार्केटची रेटारेटी. माझी धाकटी बहीण मारेडपल्लीत राहते. मेहुणे रेल्वेत, मूळचे कलबुर्गीचे. म्हणून घरात मराठी, कन्नड दोन्ही. गेल्या आषाढात मी बोनालू बघायला म्हणून गेले, पण लिहायला बसले ते भाचीमुळे. अकरा वर्षांची आहे. दोन वर्षांपासून तिला टाइप वन मधुमेह आहे.

बोनालू म्हणजे देवीचा नैवेद्य. दूध-गूळ घालून शिजवलेला भात नव्या मडक्यात भरायचा, मडक्याला हळद-कुंकू आणि कडुनिंबाचा पाला, वर दिवा, आणि ते डोक्यावर घेऊन बायका उज्जैनी महाकालीच्या देवळाकडे निघतात. कथा अशी सांगतात की १८१३ साली इथे पटकीची साथ आली. तेव्हा उज्जैनला गेलेल्या फौजेतल्या एका माणसाने तिथल्या महाकालीला नवस केला, आणि साथ ओसरल्यावर परत येऊन इथे मूर्ती बसवली. ढोलांच्या गजरात, पोतराजांच्या नाचात दोनशे वर्षांपूर्वीची ती भीती कुणाच्या लक्षात राहत असेल असं वाटत नाही.

रस्त्यातच बहिणीच्या शेजारीणबाईंनी प्रसाद पुढे केला. भाचीने द्रोणाकडे पाहून मनात हिशेब केला, पिशवीतून इन्सुलिनचं पेन काढलं, पोटाला टोचलं आणि मग भात खाल्ला. बाई बघतच राहिल्या. "शुगर? एवढ्याशा पोरीला? लहानपणी गोड फार दिलंत का हो?"

बहीण हसली. घरी आल्यावर म्हणाली, "अक्का, हाच प्रश्न मी चार भाषांत ऐकलाय."

खरंच की. मराठीत साखरेचा आजार, कन्नडमध्ये सक्करे कायिले, तेलुगूत चक्कर व्याधी, दखनीत शक्कर की बीमारी. चारही भाषांनी रोगाच्या नावातच साखरेवर आळ घेतला, आणि साखर कोणी दिली म्हटलं की बोट जातं ते आईकडे. प्रत्यक्षात टाइप वनमध्ये शरीराची स्वतःचीच संरक्षक यंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. जिलेबी, चॉकलेट, गरोदरपणी खाल्लेले आंबे, यांपैकी कशाचाही दोष नाही. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोला लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी अशी मुलं फार दिवस जगत नसत.

तिसऱ्या दिवशी भाची मला बेगमपेटला घेऊन गेली. जुन्या विमानतळाजवळ रोनाल्ड रॉसची इमारत आहे, ती आम्ही बाहेरून पाहिली. २० ऑगस्ट १८९७ रोजी रॉसला इथे डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला. हुसेन खान नावाच्या रुग्णाने एका डासामागे एक आणा घेऊन स्वतःला चावून घेतलं होतं. तोवर समज असा की हा ताप दूषित हवेने येतो. 'मलेरिया' या शब्दाचा अर्थच वाईट हवा. हे सांगितल्यावर भाची म्हणाली, "म्हणजे मावशी, आधी हवेला उगाच बोलत होते?"

उगाचच. मधुमेहाच्या बाबतीतही असं बरंच झालं. सतराव्या शतकात थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने त्याचं कारण दीर्घ दुःखात शोधलं. १९७०च्या दशकात फिलाडेल्फियात साल्वादोर मिनुचिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेही मुलांना काचेआडून आईवडिलांची वादावादी बघायला लावली, तर मुलांच्या रक्तातली मेदाम्लं वाढली. मुलं थोडी होती, आणि घरालाच दोषी धरणाऱ्या त्या विचारावर पुढे टीकाही झाली. स्वीडनमध्ये हजारो मुलांचा जन्मापासून मागोवा घेणाऱ्या एका अभ्यासात, घरातला मृत्यू किंवा आईवडिलांची फारकत अशा मोठ्या आघातानंतर टाइप वनचं प्रमाण जास्त आढळलं. दुःखाचा हात असेलही थोडा. पण मला विचाराल तर रोग कशाने झाला यापेक्षा झाल्यावर घरात काय चालतं, हे महत्त्वाचं.

ते मी चार दिवस पाहिलं. भीती किंवा ताण आला की शरीर अ‍ॅड्रेनलिन, कॉर्टिसॉल सोडतं आणि यकृत रक्तात साखर ओततं. त्यामुळे परीक्षेच्या आठवड्यात तेवढंच जेवून तेवढंच इन्सुलिन घेतलं तरी आकडा चढू शकतो. घरातली माणसं मात्र "किती आली?" असं विचारतात, जणू गणिताचे मार्क. आकडा जास्त निघाला की आईचा चेहरा पडतो. म्हणून मध्यंतरी भाची वहीत खोटे आकडे लिहू लागली होती. डॉक्टरांच्या ते लक्षात आलं, रागावले नाहीत. बहिणीला एवढंच म्हणाले की साखरेला चांगली-वाईट म्हणू नका, जास्त-कमी म्हणा. ही बहीण रात्री दोनला गजर लावून उठते, झोपलेल्या मुलीचं बोट टोचते. कधी साखर फार उतरेल ही धास्ती. अशा आईलाही कोणीतरी विचारायला हवं, बाई, तू कशी आहेस?

शाळेचं नाव घेत नाही. तिथे सांगितलं होतं, इंजेक्शन स्वच्छतागृहात जाऊन घे, बाकीची मुलं घाबरतात. मग तिने दुपारचा डोसच टाळायला सुरुवात केली. लाजेपोटी चुकवलेलं इन्सुलिन फार महागात पडतं: उलट्या, धाप, बेशुद्धी, थेट दवाखाना. २०१७ साली सीबीएसईने अशा मुलांना परीक्षेला खाऊ आणि पाणी सोबत नेऊ दिलं. २०२३ साली राष्ट्रीय बाल हक्क आयोगाने राज्यांना लिहिलं की वर्गात साखर तपासायला, इन्सुलिन घ्यायला मुलांना मोकळीक द्या. मेहुण्यांनी त्या पत्राची प्रत शाळेत नेऊन दिली, तेव्हा कुठे वर्गातच डोस घ्यायला मिळाला.

घरातली लपवाछपवी त्याहून चिवट. कलबुर्गीच्या अज्जीने पहिल्याच दिवशी फोनवर बजावलं होतं, "यारिगू हेळब्याड." पोरीची जात, उद्या लग्न कसं जमणार? पुष्कळ दिवस पाहुणे आले की इन्सुलिनचा डबा फ्रिजमध्ये भाजीच्या मागे जायचा. मुलीला त्यातून काय कळलं असेल ते सांगायला नको.

निघायच्या दिवशी स्टेशनसमोरच्या अल्फा हॉटेलात इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं घेतली. ही बिस्किटं म्हणे उस्मानिया इस्पितळातल्या रुग्णांसाठी निघाली. खरंखोटं देव जाणे. भाचीने टेबलावरच पेन काढलं. वेटर थबकला. "शुगर है क्या बेटी? मेरे अब्बा को भी है," म्हणाला आणि पाण्याचा ग्लास ठेवून गेला.

आता दिवाळीला ती पहिल्यांदाच एकटी कलबुर्गीला जाणार आहे. तिने अज्जीसाठी स्वतः कन्नडमध्ये एक कागद लिहिलाय: हात थरथरले, घाम आला, मी विनाकारण चिडले किंवा मशीनवर सत्तरच्या खाली आकडा आला, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, दवाखान्यात न्यायचं. दोन वर्षं नातीसमोर साखरेचा डबा न काढणाऱ्या अज्जीला फोनवर तो कागद वाचून दाखवला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग प्रश्न आला, "सक्करिनो, बेल्लानो?"

"सक्करी, अज्जी. लवकर विरघळते."