सांडण्यासाठी घडलेला पेला

चि. अनयास,


कोपनहेगनजवळच्या जंगलात कुजक्या ओंडक्यावर तुला दिसलेले ते इवलेसे राखी-हिरवे पेले म्हणजे क्लॅडोनिया, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचं भावंड. दोघांचा संसार सारखाच: बुरशी घर बांधते, शेवाळ उन्हावर स्वयंपाक करतं. श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने १८६७ मध्ये हे मांडलं, तेव्हा बऱ्याच नावाजलेल्या अभ्यासकांनी ते धुडकावून लावलं होतं.

या पेल्याला अभ्यासक ‘स्किफस’ म्हणतात. ग्रीक-रोमन लोक ज्या दोन कानांच्या खोलगट पेल्यातून वाइन पीत, त्याचंच हे नाव. आकार जुळतो, काम मात्र अगदी उलटं. रोमन पेला वाइन सांडू नये म्हणून घडवलेला. क्लॅडोनियाचा सांडण्यासाठीच आहे. भिंगातून आत बघ, पिठासारखी भुकटी दिसेल. तिच्या एकेका कणात शेवाळाच्या थोड्या पेशी बुरशीच्या धाग्यांनी लपेटलेल्या असतात. पावसाचा थेंब पेल्यात आदळतो, तिरप्या भिंतींवरून उसळतो आणि भुकटी बाहेर उडवतो. नुसता बीजाणू उडाला, तर बुरशीला नव्या जागी जोडीदार शोधावा लागतो. हा कण जोडीनेच निघतो! मला यातलं सगळ्यात जास्त हेच आवडतं. पेले खुडू मात्र नकोस, ते फार सावकाश वाढतात.

खरा स्किफस बघायला तुला रोमला जायला नको. तुमच्या राष्ट्रीय संग्रहालयात होबीचे दोन चांदीचे पेले आहेत. १९२० मध्ये लोलँड बेटावरच्या होबी इथे एका श्रीमंत थडग्यात ते सापडले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं थडगं. डेन्मार्क रोमन साम्राज्यात कधीच नव्हता, मग हे तिथे पोचले कसे? बुडाशी ‘सिलियस’ असं नाव कोरलं आहे. त्या काळी ऱ्हाइनवरच्या रोमन फौजेचा एक सेनापती गायस सिलियस होता. त्याने कुणा स्थानिक सरदाराला हे भेट दिले असावेत, असं अनेकांचं मत आहे. मलाही ते पटतं. मरतानाही जी वस्तू सोबत हवीशी वाटली, ती मैत्रीतूनच आलेली असावी.

एका पेल्यावर ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम गुडघे टेकून अकिलीसच्या हाताचं चुंबन घेतो आहे. त्याच हाताने त्याचा हेक्टर मारला, आणि बाप आता मुलाचं प्रेत मागायला आलाय. तिथे घाई करू नकोस, नीट बघ. दुसऱ्यावर साप चावलेला फिलोक्टेटिस आहे. त्याची गोष्ट ठाऊक नसेल तर कळव, पुढच्या पत्रात सविस्तर लिहीन.

तुझी,
मावशी