थ्रेड : इंग्रजीत लिहिलेला प्रबंध आणि क्योतोचा कालवा

१/
अभियंता जगासाठी घडवावा की आपल्या देशासाठी, हा वाद आजचा वाटतो. दीडशे वर्षांपूर्वी जपानला या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागले, तेही पाश्चात्त्य सत्तांच्या आरमारी धाकाखाली.

२/
१८६३ साली पाच तरुण परदेशगमनाची बंदी मोडून गुपचूप इंग्लंडला गेले. त्यांतील यामाओ योझो पुढे ग्लासगोच्या जहाजबांधणी कारखान्यात राबला आणि संध्याकाळच्या वर्गांत शिकला. मायदेशी परतल्यावर त्याने अभियांत्रिकी शिक्षणासाठी सरकारकडे आग्रह धरला.

३/
१८७३ साली टोकियोत हे शिक्षण सुरू झाले. पुढे ही संस्था ‘कोबू दाइगाक्को’ म्हणून ओळखली गेली. तिची घडी बसवली हेन्री डायर या पंचविशीतल्या स्कॉटिश अभियंत्याने. अभ्यासक्रम सहा वर्षांचा होता : दोन वर्षे पायाभूत विषय, दोन वर्षे विशेष शाखा आणि अखेरची दोन प्रत्यक्ष कामावर. अध्यापन आणि प्रबंध, दोन्ही इंग्रजीत.

४/
येथेच तानाबे साकुरो शिकला. राजधानी टोकियोला गेल्याने क्योतो शहर ओस पडू लागले होते. बिवा सरोवराचे पाणी डोंगर फोडून तेथे आणणे, हा त्याच्या प्रबंधाचा विषय. १८८३ साली तो पदवीधर झाला आणि क्योतोच्या राज्यपालांनी त्या कालव्याचे कामच त्याच्या हाती दिले.

५/
काम चालू असतानाच १८८८ साली तो अमेरिकेला गेला. अ‍ॅस्पेन येथील जलविद्युत केंद्र पाहून त्याने मूळ योजनेत वीजनिर्मितीची भर घातली. १८९० साली कालवा पूर्ण झाला, १८९१ साली केआगेचे वीजकेंद्र सुरू झाले आणि १८९५ साली त्याच विजेवर क्योतोत जपानची पहिली विद्युत ट्राम धावली.

६/
याउलट, पुण्यात १८५४ साली अभियांत्रिकीचा वर्ग निघाला तो सार्वजनिक बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी पुरवण्यासाठी. बुद्धी येथेही उणी नव्हती. पण कोणती कामे हाती घ्यायची, हे परके सरकार ठरवत होते.

७/
तानाबेची भाषा परकी होती, गुरू परके होते, पाहिलेले यंत्रही परके होते. सोडवायचा प्रश्न मात्र क्योतोचा होता. आजचा विद्यार्थी परदेशी भाषा, परदेशी मानके आणि परदेशी नोकरी यांची तयारी मन लावून करतो, आणि ती आवश्यकही आहे. त्याच्या अखेरच्या वर्षाच्या प्रकल्पात कोणत्या गावाचे पाणी आहे, एवढे मात्र त्याला कुणीतरी विचारायला हवे.