जर-तरचं पानिपत

नोरा सीड ही पस्तिशीची इंग्रज बाई. बेडफर्डमध्ये वाद्यांच्या दुकानात तिची नोकरी आहे. ती नोकरी जाते, त्याच सुमारास मांजर मरतं, सख्ख्या भावाशी तर अबोलाच असतो. आपण नसलो तरी कुणाचं काही अडणार नाही असं तिच्या मनानं घेतलेलं असतं. त्या रात्री ती टोकाचं पाऊल उचलते आणि जगण्या-मरणाच्या मधल्या एका लायब्ररीत जाऊन पोचते. तिथलं घड्याळ मध्यरात्रीवर थांबलेलं आहे, पुस्तकांच्या रांगांना अंत नाही आणि टेबलाशी बसल्यात तिच्या शाळेतल्या ग्रंथपाल मिसेस एल्म. प्रत्येक पुस्तक म्हणजे नोरानं न जगलेलं एक आयुष्य. पान उघडायचं की थेट त्या आयुष्यात. मॅट हेग यांची ही ‘द मिडनाइट लायब्ररी’ 2020 साली आली. सगळं जग घरात कोंडून ‘आपण वेगळं काही करायला हवं होतं का’ याचा हिशेब मांडत होतं, तेव्हा.

माझ्या मुलीनं ती मला आग्रहानं वाचायला दिली. वाचताना सारखे आठवत राहिले ते गंगाधरपंत.

जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा आमच्या पिढीनं लायब्ररीतून आणून वाचली. हल्लीच्या मुलांना ती एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात ‘द ॲडव्हेंचर’ म्हणून भेटते. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर एका वेगळ्याच मुंबईत येऊन पडतात. तिथं ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल अजून चालू आहे. ते मुलाला शोधायला त्याच्या कचेरीत जातात, तर त्या नावाचा माणूसच तिथं नाही. मग पंत अस्सल प्राध्यापकासारखे टाउन हॉलमधल्या वाचनालयात जातात, स्वतःच लिहिलेल्या इतिहासाचे खंड काढतात आणि वाचत वाचत पानिपतापाशी येतात. त्या जगात विश्वासरावांना गोळी चाटून गेली, लागली नाही. मराठे जिंकले.

म्हणजे न घडलेलं आयुष्य शोधायला नोराही लायब्ररीत जाते आणि पंतही. फरक एवढाच, की नोरा तिथं स्वतःला शोधते, पंत अख्ख्या मराठेशाहीला. आमच्या लहानपणाचा आणि आताचा सगळा फरक मला या एका गोष्टीत दिसतो.

आमच्या घरी उन्हाळ्यात रात्री अंगणात सतरंज्या पडल्या की पुरुषमंडळींचं पानिपत सुरू व्हायचं. आप्पा, म्हणजे माझे थोरले काका, सेनापती. शेजारचे गुरुजी होळकरांच्या बाजूनं. ‘भाऊंनी मल्हाररावांचं ऐकलं असतं तर’, ‘बायकामाणसं आणि यात्रेकरू बरोबर नेले नसते तर’, ‘दिल्लीहून आणखी रसद आली असती तर’. 14 जानेवारी 1761 ची ती लढाई आमच्या अंगणात दर मे महिन्यात नव्यानं हरली जायची. पानिपत उरकलं की थेऊर. माधवराव सत्ताविसाव्या वर्षी क्षयानं गेले नसते तर! इथं सगळे गप्प बसायचे, कारण ‘स्वामी’ सगळ्यांनीच वाचलेली असायची. वाचनालयातल्या त्या प्रतीची शेवटची पानं हाताळून हाताळून शिवणीतून सुटली होती आणि कुणीतरी ती खळ लावून परत बसवली होती, तीही थोडी वाकडी.

आप्पा तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. पानिपताचा नकाशा ते जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर काढून दाखवायचे. डावीकडे इब्राहिमखान गारदी, मध्ये हुजुरातीत भाऊ आणि विश्वासराव, उजवीकडे शिंदे-होळकर. नकाशाला घोडे काढायची खरं तर काही गरज नसते, एक रेघ पुरते. आप्पा घोडे काढायचे. गुडघ्यात दुमडलेला पाय, मागे वळलेला कान, फुरफुरणारी नाकपुडी, सगळं चार फटकाऱ्यांत. गुरुजी घाई करायचे, ‘अहो, पुढं सांगा’, आणि आप्पा म्हणायचे, ‘थांबा, शेपूट राहिलंय.’

आप्पांना इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड होती आणि ड्रॉइंगमास्तरांनी त्यांना मुंबईला जे. जे. ला पाठवा म्हणून आजोबांना दोनदा सांगितलं होतं, हे मला फार उशिरा, तेही आत्याकडून कळलं. आजोबांनी निर्णय घेतला. दोन बहिणींची लग्नं व्हायची होती, कचेरीत जागा निघाली होती. आप्पा सकाळी कचेरीत हजर झाले, विषय संपला. नंतर तो कधी निघाला नाही. विश्वासराव वाचले असते तर काय झालं असतं यावर तासभर बोलणारा हा माणूस, आपण जे. जे. ला गेलो असतो तर काय झालं असतं यावर एक वाक्य बोलला नाही.

बायकांचं तर याहून वेगळं. पानिपत चालू असताना आई आत चहा टाकत असायची. तिला पेशवाईची हळहळ होती ती रमाबाईंपुरती. क्वचित, भांडी विसळता विसळता, म्हणायची, ‘मॅट्रिकला चांगले मार्क होते हो मला.’ त्यापुढं ‘असते तर’ नाही, काही नाही. हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं की ते वाक्य आहे हेच कुणाच्या लक्षात यायचं नाही.

आता आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर मुलगी सरळ सांगते, ‘बाबा, मी आर्किटेक्चरलाच जायला हवं होतं.’ एकोणतिसाव्या वर्षी! आमच्या वेळी असं म्हटलं असतं तर ‘तुला काय कमी आहे इथं?’ हा एकच प्रश्न चहूबाजूंनी आला असता. तिच्याबरोबरची एक मैत्रीण आर्किटेक्चरला गेली, तिची कामं हिला रोज फोनवर दिसतात. आप्पांच्या वर्गातला एक मुलगा म्हणे जे. जे. ला गेला होता. त्याचं पुढं काय झालं, कुणाला पत्ता नाही. गावातून गेलेला माणूस तेव्हा खरोखरच जायचा. दिवाळीला आला तर आला.

हेगच्या कादंबरीत पश्चात्तापांचं एक जाडजूड पुस्तक आहे. ते उघडलं की नोराला गुदमरायला होतं. मला ते प्रकरण सगळ्यात खरं वाटलं. कारण त्यातली एकूण एक नोंद तिच्या स्वतःच्या निर्णयाची आहे: पोहणं सोडलं, बँड सोडला, लग्न दोन दिवसांवर आलेलं मोडलं, मैत्रिणीबरोबर ऑस्ट्रेलियाला गेली नाही. आप्पांना असलं पुस्तक दिलं असतं तर ते बरंचसं कोरं निघालं असतं. पश्चात्तापाला आधी निवड लागते, आणि निवड त्यांची नव्हतीच. दोष द्यायला वडील होते, परिस्थिती होती, नशीब होतं, आणि शेवटी अब्दाली होताच. माझ्या मुलीला अर्ज स्वतः भरायला मिळाला, ही चांगलीच गोष्ट. पण त्याबरोबर भाऊंच्या सगळ्या चुकाही तिच्या एकटीच्या नावावर लागल्या.

‘आमच्या वेळी माणसं समाधानी होती’ असं मी म्हणणार नाही. त्या घोड्यांच्या नाकपुड्या मी पाहिल्या आहेत. एक मात्र होतं, अंगणात दहा जण मिळून हरत होते.

नोरा एकेका आयुष्यात जाऊन येते तो भाग जरा लांबला आहे. मी मधली काही पानं भरभर उलटली. काही जागा मात्र जमल्या आहेत. मांजर बाहेर सोडलं म्हणून मेलं अशी तिची समजूत असते. ती मांजराला घरातच ठेवलेल्या आयुष्यात जाते, तर ते पलंगाखाली मेलेलंच सापडतं. त्याचं हृदयच दुबळं होतं. गायक म्हणून जगभर नाव झालेल्या आयुष्यात भाऊ उरलेला नसतो. नारळीकरांनी हेच केव्हाच करून ठेवलं होतं: मराठे जिंकलेल्या मुंबईत गंगाधरपंतांना मुलगा नाही.

गेल्या दिवाळीत मुलीनं आप्पांना विचारलंच. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं, म्हणून जरा ओरडूनच. ‘आजोबा, तुमचं काय राहून गेलं?’ आप्पांनी विचार केला आणि म्हणाले, ‘विश्वासराव पडल्यावर भाऊंनी हत्तीवरून उतरायला नको होतं. अंबारी रिकामी दिसली, फौज पळाली.’ मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मग तिनं आपल्या वहीतला कागद फाडून त्यांच्यापुढं ठेवला आणि पेन दिलं. हात कापत होता, त्यामुळे गारद्यांच्या तोफा तेवढ्या तिनं काढल्या.

दुसऱ्या संधीचं नोरा आणि पंत या दोघांनी काय केलं, तेही बघण्यासारखं आहे. नोरा परत येते ती भावाशी बोलायला, पियानो शिकवायला, नव्यानं जगायला. गंगाधरपंतांनी त्या दुसऱ्या जगात आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षाची रिकामी खुर्ची बघून सवयीनं तिचा ताबा घेतलेला असतो, आणि अध्यक्षीय भाषणांना विटलेल्या त्या लोकांकडून अंडी-टोमॅटो खाल्लेले असतात. परत आल्यावर ते एवढंच करतात, की पानिपतावरच्या पुढच्या परिसंवादाचं अध्यक्षपद नाकारल्याचं आयोजकांना कळवून टाकतात.