गव्हाणीचा अर्थ

शिक्षण संपवून निफाड तालुक्यातील आमच्या शेतावर मी परतलो, तेव्हा वडिलांच्या वहीतील शब्दांचे मला मोठे नवल वाटे. पोळ, रांगडा, उन्हाळ! कांदा तो कांदाच. त्याला तीन नावे कशाला? त्या वर्षी फेब्रुवारीत कांदा निघाला आणि भाव पडले. पुढे भाव चढेल, या आशेने मी सारा माल चाळीत भरला. "अरे, हा रांगडा आहे," एवढेच वडील म्हणाले. मी ऐकले नाही. मे महिन्यात चाळ उघडली तेव्हा निम्म्याहून अधिक कांदा सडला होता. उरलेल्याला कोंब फुटले होते. सोसायटीचे कर्ज तसेच राहिले.

मग उमगले, की ही नुसती नावे नव्हेत. पावसाळ्यात लावून दिवाळीच्या आगेमागे निघतो तो पोळ. पाऊस सरताना लावून जानेवारी ते मार्चमध्ये निघतो तो रांगडा. हे दोन्ही फार टिकत नाहीत. लगोलग विकावे लागतात. थंडीत लावून एप्रिल-मेमध्ये काढलेला उन्हाळ कांदाच चाळीत चार-पाच महिने तग धरतो. पिढ्यान्‌पिढ्यांचा तोटा सोसून आलेले शहाणपण त्या एका शब्दात साठले होते.

गोठ्यातही तेच. आटलेली गाय भाकडच असते असे नाही. ती गाभण असेल, तर विण्याआधीचे दोनेक महिने तिला विसावा हवाच असतो. हा भेद न जाणता तिला बाजार दाखविणारा वासरूही गमावतो आणि पुढच्या वेताचे दूधही.

शब्द हरवला की पिकाची हानी होते, तशी श्रद्धेचीही होते, हे मला पुढे एका नाताळात कळले. नाशिक शहरात वाढलेल्या माझ्या नातीने विचारले, "आजोबा, गव्हाण म्हणजे बाळाचा पाळणा ना?" मी क्षणभर गप्प झालो. गव्हाण म्हणजे गुरांना वैरण घालण्याची जागा. बेथलेहेम या नावाचा हिब्रू अर्थ 'भाकरीचे घर'. त्या गावी पवित्र मरियेने आपले बाळ जेथे अन्न ठेवतात तेथेच ठेवले. आणि तोच प्रभू आज मिस्साबलिदानात आपले अन्न होतो. गव्हाणीचा पाळणा झाला, की हा सारा अर्थ मुलांच्या हातून निसटतो.

दुसऱ्या दिवशी मी तिला गावी आणले. गोठ्यातील गव्हाणीत तिने आपल्या हातांनी कडबा टाकला. गाय पुढे झाली, खाऊ लागली. नात बराच वेळ पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "येशूबाळाला इथं ठेवलं होतं?"

"इथंच," मी म्हणालो.

वडिलांची वही आता मी तिच्यासाठी नव्याने लिहून काढीत आहे.